नगरची अक्षरे तीन की नऊ?

‘नगर’ या शब्दात अक्षरे किती, असा प्रश्न पहिलीतल्या मुलाला विचारला तर तो बोटे मोजून ‘तीन’ असे उत्तर देईल. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले असले, तरी एस.टी.च्या थांब्यावर, बाजार समितीच्या आवारात आणि घरगुती बोलण्यात ‘नगरला जाऊन येतो’ हेच शब्द अजून कानी पडतात. तेव्हा हा शब्द येथे कोणाला परका नाही. परंतु हाच प्रश्न पायथन नावाच्या संगणकीय भाषेला विचारला, तर ती कोणत्या आवृत्तीची आहे यावर उत्तर अवलंबून राहते. तिसरी आवृत्ती तीन असे सांगते. दुसरी आवृत्ती, नेहमीच्या पद्धतीने विचारल्यास, नऊ असे सांगते. कारण ती अक्षरे मोजतच नाही. अक्षरे साठवताना खर्ची पडलेले बाइट ती मोजते, आणि युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. सातबारा हा शब्द अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या कोणत्याही घरात समजावून सांगावा लागत नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा तो जोडउतारा. अपूर्णांकाशी त्याचा काही संबंध नाही. पण कोणी गमतीने सात भागिले बारा अशी ओळ पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिली, तर उत्तर येते शून्य. तिसऱ्या आवृत्तीत तीच ओळ लिहिली, तर उत्तर येते शून्य पूर्णांक अठ्ठावन्न शतांश आणि वर काही. सातबारा कोरा करण्याची आश्वासने महाराष्ट्राने पुष्कळ ऐकली आहेत. संगणकाने मात्र ते काम एका ओळीत करून दाखवले, असे विनोदाने म्हणता येईल. पण या विनोदाच्या पोटात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. येथे संगणक चुकलेला नाही आणि ओळ लिहिणाराही चुकलेला नाही. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उरलेला अंश सोडून द्यायचा, हा दुसऱ्या आवृत्तीचा जाहीर नियम होता, आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो तितक्याच जाहीरपणे बदलला. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्यच. मात्र एका नियमावर विसंबून लिहिलेले व्याजाचे गणित दुसऱ्या नियमाच्या सर्व्हरवर जाऊन बसले, तर ठेवीदाराच्या खात्यावर काय उमटेल याचा भरवसा देता येत नाही.

तात्पर्य, संगणकाला दिलेल्या आज्ञेचा अर्थ केवळ त्या आज्ञेत नसतो. ती ज्या सर्व्हरवर चालते, तेथे त्या भाषेची कोणती आवृत्ती बसवलेली आहे, यावर तो अर्थ ठरतो. मग ही आवृत्ती कोण बसवतो, कशी बसवतो आणि बसवल्याची नोंद कोठे ठेवतो, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. तो कारभाराचा प्रश्न होतो.

आणि कारभार आता सर्व्हरवरच चालतो. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, राज्याने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास प्रारंभ केला. शिधावाटप, शिष्यवृत्ती, विद्यापीठाचे निकाल, महाविद्यालयांचे प्रवेश, पतसंस्थांची खाती, कारखान्याकडील उसाची नोंद, नगरपालिकेची घरपट्टी यांपैकी एकही काम आज केवळ वहीवर राहिलेले नाही. यांतील प्रत्येक कामामागे कोठेतरी एक यंत्र अहोरात्र जागे असते आणि त्या यंत्रात पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशी एखादी भाषा कुठल्या ना कुठल्या आवृत्तीत बसलेली असते. शेतकऱ्याला किंवा ठेवीदाराला तिचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. संस्थेच्या संचालकांना मात्र ते ठाऊक असायला हवे, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच नसते.

जिल्ह्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जे चित्र सहज आढळावे, ते काहीसे असे. संस्थेच्या इमारतीत मागच्या बाजूला एक लहानशी खोली असते. तेथे वातानुकूलन यंत्र, इन्व्हर्टर आणि टेबलावर किंवा लोखंडी घोडीवर ठेवलेले एक-दोन सर्व्हर. ते बसवून देणारा तरुण याच परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून पुण्याला नोकरीला गेलेला. अडचण आली की त्याला दूरध्वनी जातो. तो शनिवारी गावी येतो आणि एका रात्रीत सारे सुरळीत करून रविवारी परत जातो. त्याच्या सद्‌भावनेत काही उणे नसते. अनेकदा तो मोबदलाही घेत नाही. पण त्या रात्री त्याने नेमके काय केले, कोणती आवृत्ती काढली, कोणती घातली, कोणती आज्ञा दिली, कोणता इशारा दुर्लक्षिला, हे फक्त त्यालाच ठाऊक असते. आणि सहा महिन्यांनी ते त्यालाही आठवत नाही. पुढे तो बंगळुरूला किंवा परदेशी जातो. खोलीतला सर्व्हर मात्र त्या एका रात्रीच्या स्मृतीवर वर्षानुवर्षे चालत राहतो.

हाताने भाषा बसवणे म्हणजे काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. कारण बाहेरून ते काम भ्रमणध्वनीवर एखादे ॲप घेण्याइतके सोपे वाटते. सर्व्हरच्या कार्यप्रणालीबरोबर भाषेची एक आवृत्ती आलेलीच असते. पण ती प्रणालीच्या स्वतःच्या वापरासाठी असते, म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या ताटाला हात लावू नये तसे तिला हात लावायचा नसतो. सेंटओएस ७ ही कार्यप्रणाली देशभर असंख्य सर्व्हरवर होती. तिच्यात पायथनची २.७ ही आवृत्ती येत असे, आणि नवी साधने उतरवून घेणारा ‘यम’ नावाचा तिचा कारभारी त्याच पायथनवर चालत असे. एखाद्या उत्साही माणसाने जुनी पायथन नको म्हणून तिच्या जागी नवी ठेवली, की ‘यम’ बंद पडे आणि मग दुरुस्तीची साधने उतरवून घेण्याचा नेहमीचा मार्गही बंद होई. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडण्याचा हा प्रकार जगभर इतक्यांदा घडला, की अनुभवी मंडळी नवशिक्यांना पहिला धडा तोच देत.

म्हणून नवी आवृत्ती वेगळ्या जागी बसवायची. त्यासाठी अनेकदा भाषेचा मूळ मसुदा उतरवून घेऊन तो त्याच यंत्रावर घडवावा लागतो. घडवण्यापूर्वी काही पूरक ग्रंथालये तेथे असावी लागतात. त्यांतले एखादे नसले, तर कधी काम तेथेच थांबते आणि कधी, हे अधिक वाईट, काम पूर्ण होते पण भाषा एका अवयवाविना जन्माला येते. तो अवयव नसल्याचे कळते तेव्हा निकालाचा दिवस उजाडलेला असतो. रुबी या भाषेचे उदाहरण घ्यावे. तिच्या ३.१ पूर्वीच्या आवृत्त्यांना ओपनएसएसएल या सुरक्षा-ग्रंथालयाची जुनी पिढी लागते, आणि २०२२ च्या उबुंटूत नवी पिढी येते. चार वर्षांपूर्वी बिनबोभाट पार पडलेले काम नव्या यंत्रावर तसेच करायला जावे, तर ते मध्येच अडते. आणि पूर्वीच्या माणसाने काय युक्ती केली होती ते कोणी लिहून ठेवलेले नसते.

पीएचपीची कथा लहान संस्थांना अधिक जवळची, कारण छोट्या संकेतस्थळांचा मोठा भाग तीच भाषा वापरतो. डिसेंबर २०१५ मध्ये तिची सातवी आवृत्ती आली, तेव्हा मायएसक्यूएल या माहितीकोशाशी बोलण्याची जुनी पद्धत तिने काढून टाकली. जुन्या पद्धतीने लिहिलेली संकेतस्थळे नव्या आवृत्तीवर चालेनात. मग ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ हा सरळ व्यावहारिक निर्णय ठिकठिकाणी घेतला गेला. पण पाचव्या पिढीतल्या शेवटच्या ५.६ या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्तीही ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबली. पायथनच्या दुसऱ्या पिढीची थांबली १ जानेवारी २०२० रोजी. सेंटओएस ७ ची थांबली ३० जून २०२४ रोजी. त्यानंतर या साधनांत एखादे छिद्र सापडले, तर ते बुजवण्यास मूळ कर्ते बांधील नाहीत. कुलपाच्या कारखान्याने किल्ल्यांचा नमुना जगजाहीर झाल्यानंतरही तेच कुलूप तिजोरीला ठेवावे, तसे हे आहे. हात लावला तर बंद पडेल आणि न लावला तर चोरी होईल, अशा कोंडीत जी संस्था सापडते, तिच्या कोंडीचे मूळ बहुधा एकच असते: पहिल्यांदा ते कसे बसवले, याची नोंद नसणे.

ही केवळ तालुक्याच्या गावची दुरवस्था आहे असे कोणी समजू नये. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या भांडवल बाजारात नाइट कॅपिटल या मोठ्या दलाल पेढीचे जे झाले, ते या विषयात आजही उदाहरण म्हणून सांगितले जाते. पेढीचे संबंधित आठ सर्व्हर होते. नवी आज्ञावली त्या आठांवर हाताने चढवायची होती. तंत्रज्ञाने सात सर्व्हरवर ती चढवली. आठवा राहून गेला. दुसऱ्या माणसाने पडताळणी करावी अशी लेखी पद्धत पेढीत नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग अद्याप पडून होता. बाजार उघडला, नव्या पद्धतीच्या आज्ञा आल्या, आणि आठव्या सर्व्हरने त्यांचा जुना अर्थ लावून समभागांची बेसुमार खरेदी-विक्री आरंभली. सुमारे पाऊण तासात चाळीस लाख व्यवहार झाले आणि पेढीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. पुढच्याच वर्षी ती पेढी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तेथे भाषेची आवृत्ती नव्हे, आज्ञावलीची आवृत्ती चुकली होती हे खरे. पण दोष एकाच जातीचा. सात यंत्रे एका नियमाने आणि आठवे दुसऱ्या, आणि याचा पत्ता कोणालाच नाही.

अमेरिकेच्या नियामकांनी २०१३ मध्ये त्या पेढीला दंड ठोठावला, तेव्हाही मुख्य ठपका तंत्रज्ञाच्या विस्मरणावर नव्हता. असे विस्मरण पकडणारी व्यवस्था नसण्यावर होता. आपल्याकडे अशा प्रसंगी प्रथम ‘कोणी केले’ याची चौकशी होते, एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्यावर कारवाई होते आणि व्यवस्था होती तशीच राहते.

वस्तुतः एकाच्या अनेक प्रती करताना त्या एकमेकींपासून दूर जातात, ही अडचण संगणकाने आणलेली नाही, आणि ती ओळखायला नगर जिल्ह्याला न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचीही गरज नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढची जवळजवळ तीन शतके ती हाताने उतरवली गेली. नकलणाऱ्यांपैकी कोणाचा कान चुकला, कोणाची दृष्टी चुकली, कोणी कठीण शब्दाच्या जागी आपल्या गावचा सोपा शब्द घातला, तर कोणी भक्तीच्या भरात आपलीच ओवी मध्ये बसवली. यांतल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तरीही गावोगावच्या प्रती एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. नेवाशाहून फार लांब नसलेल्या पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पाठ पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असे स्पष्ट बजावून ठेवले. प्रमाण प्रत कोणती हे ठरवणे, ती कधी ठरली याची तिथी नोंदवणे आणि पुढे तीत हातचे काही न मिसळणे, या तीनही गोष्टी त्या एका कार्यात आहेत.

येथे एक खबरदारी घेणे इष्ट. आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, अशी बढाई मारण्याची एक हौस अधूनमधून उफाळून येते. नाथांना सर्व्हर ठाऊक नव्हता आणि तो ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्यांना नकलणाऱ्या माणसाचा स्वभाव ठाऊक होता. तो चारशे वर्षांत बदललेला नाही. शनिवारच्या रात्री सर्व्हरपुढे बसलेला तरुण आणि बोरूने पोथी उतरवणारा लेखक या बाबतीत एकाच पंक्तीचे आहेत.

फरक इतकाच, की नाथांना एकदा शुद्ध केलेली प्रत पुन्हा माणसांच्याच हाती नकलण्यासाठी द्यावी लागली. सर्व्हरच्या बाबतीत नकलण्याचे काम यंत्रावर सोपवता येते. नॉर्वेतल्या ऑस्लो येथे मार्क बर्जेस या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये सीएफइंजिन या साधनापासून ही वाट पाडली. पुढे २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये ॲन्सिबल ही साधने आली. (शेवटचे नाव अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या विज्ञान-कादंबरीत प्रथम आले, तेथे ते दूरच्या ग्रहांशी तत्काळ बोलणाऱ्या यंत्राचे नाव होते.) यांतली बहुतेक साधने मुक्त स्रोताची आहेत, निदान ॲन्सिबलचा मूळ संच तरी कोणत्याही संस्थेला विनामूल्य वापरता येतो. संचालक मंडळाच्या सभेत जो पहिला प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर असे समाधानकारक आहे.

या साधनांचे मर्म त्यांच्या वेगात नाही. ते आहे लिहिण्याच्या पद्धतीत. तेथे ‘हे कर, मग ते कर’ असे लिहिण्यापेक्षा ‘असे असावे’ असे लिहितात. या सर्व्हरवर पायथनची अमुक आवृत्ती असावी. तिच्यासाठी अमुक ग्रंथालये असावीत. ती प्रणालीच्या पायथनपासून वेगळ्या जागी असावी. हे सारे एका साध्या मजकुराच्या फाइलीत राहते आणि ती फाइल संस्थेच्या दप्तराचा भाग होते. यंत्र ती वाचते, सर्व्हरची प्रत्यक्ष स्थिती पाहते, आणि जेवढे कमी आहे तेवढेच करते. आधीच सर्व यथास्थित असेल, तर काहीच करत नाही. तीच फाइल दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली, दहा वेळा चालवली, तरी परिणाम तोच. पाटी एकदा स्वच्छ पुसली की पुन्हा पुसल्याने ती अधिक कोरी होत नाही, तसे हे आहे. हाताने केलेल्या कामाला हा गुण नसतो. तेथे दुसऱ्यांदा दिलेली आज्ञा अनेकदा पहिल्या कामावर पाणी फिरवते.

फाइल कशी लिहावी, यातही शहाणपण आहे. भाषेचा मसुदा प्रत्येक वेळी परदेशातल्या संकेतस्थळावरून उतरवू नये. एकदा उतरवून संस्थेच्या स्वतःच्या भांडारात ठेवावा. पावसाळ्यात रस्त्याच्या कामात तार तुटली आणि नेमका त्याच दिवशी सर्व्हर नव्याने उभा करावा लागला, तर या सावधगिरीचे मोल कळते. उतरवलेल्या मसुद्याचा अंकठसा मूळ कर्त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ठशाशी जुळतो की नाही, हे यंत्रानेच तपासावे, आणि एक अंक जरी वेगळा निघाला तरी काम तेथेच थांबवावे. आवृत्तीचा क्रमांक पूर्ण लिहावा; ‘सर्वांत नवी’ असे मोघम कधीही लिहू नये, कारण जूनमधली सर्वांत नवी आणि डिसेंबरमधली सर्वांत नवी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नवी आवृत्ती बसल्यावर जुनी लगेच पुसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, नव्या आवृत्तीच्या हाती कारभार देण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. परीक्षेला प्रश्नपत्रिका मोठी नको. ‘नगर’ची अक्षरे किती आणि सात भागिले बारा किती, हे दोन प्रश्न विचारले तरी दुसऱ्या पिढीची पायथन चुकून बसलेली असल्यास तत्क्षणी उघडी पडेल.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. यंत्राने काम केले तर गावच्या तरुणाचे काय, हा पहिला. जो तरुण दर शनिवारी तेच ते काम करण्यासाठी एस.टी.ने येत होता, त्याची ती फेरी वाचेल हे खरे. पण फाइल लिहिणे, ती वाचून तपासणे, नवी आवृत्ती आली की तीत बदल करून आधी जुन्या यंत्रावर अजमावणे, ही कामे माणसाचीच राहतात आणि ती अधिक वरच्या दर्जाची आहेत. पुण्यात याच कामावर या जिल्ह्यातली कित्येक मुले पगार घेतात. ते कौशल्य गावच्या संस्थेला मिळत नाही, कारण तिने ते कधी मागितलेलेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हाताची चूक एका यंत्रापुरती राहते. यंत्राची चूक एकाच वेळी सर्वत्र पोहोचते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष बदलामुळे जगभरातली विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो बदल आपोआपच गेला होता. म्हणून स्वयंचलन म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हे निक्षून सांगावे लागते. आधी एका सर्व्हरवर, एक दिवस थांबून दुसऱ्यावर, मग उरलेल्यांवर, हा क्रम यंत्राला लिहून देता येतो आणि दिलाच पाहिजे. कालव्याचे पाणी सोडताना सगळ्या चाऱ्या एकदम कोणी उघडत नाही.

‘आमचे एक-दोन सर्व्हर, आम्हाला एवढा व्याप कशाला?’ हा तिसरा आक्षेप सर्वांत अधिक ऐकू येतो आणि सर्वांत कमी टिकतो. आठ सर्व्हर असतील तर एक बिघडला तरी सात उरतात. ज्याच्याकडे एकच आहे, त्याचा तो जळाला की सारेच गेले. राखीव प्रतीतून माहिती परत मिळेल. पण ती वाचणारी भाषा, तिची नेमकी आवृत्ती, तिची ग्रंथालये नव्या यंत्रावर कोण उभी करणार? फाइल असेल तर ते काही तासांचे काम. नसेल तर बंगळुरूला गेलेल्या तरुणाचा दूरध्वनी क्रमांक शोधण्यापासून प्रारंभ. ज्या संस्थांनी सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे सोपवला आहे, त्यांनीही निर्धास्त राहू नये. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी व ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय भरणा व्यवस्थेने ती कंपनी तात्पुरती तोडली आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे देयक-व्यवहार अडकले. या बँकांच्या व्यवस्थापकांनी तो सर्व्हर कधी पाहिलाही नसेल.

सहकाराच्या या जिल्ह्याला नोंदीचे महत्त्व कोणी शिकवावे असे नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून येथल्या शेतकऱ्याने वजनकाट्याची पावती, उताऱ्याचा आकडा आणि पाळीची नोंदवही या गोष्टींवर जागता पहारा ठेवला आहे. साखरेचा दाणा डोळ्यांनी ओळखणारा पॅनमन कितीही निष्णात असला, तरी त्याच्या पाळीची नोंद वहीत होतेच, कारण पुढच्या पाळीला ती लागते. त्याच कारखान्याच्या संगणक-खोलीत मात्र ही वही कोणी मागत नाही. वजनकाट्याचा संशय येणारा सभासद सर्व्हरवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, ही मौजेची विसंगती आहे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केल्यावर लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे ही शिक्षणाची दालने उघडली, आणि शेतकऱ्यांची मुले संगणक-अभियंते झाली. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी २००० नंतरच्या दशकात गृहिणींपासून ग्रामसेवकांपर्यंत असंख्य लोकांना संगणक वापरायला शिकवले. वापरणे आणि लिहिणे या दोन पायऱ्या अशा चढून झाल्या. राखणे ही तिसरी पायरी अजून बाकी आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावाच लागतो, आणि त्यातले पुष्कळ प्रकल्प ग्रंथालयाची नोंद, रुग्णालयाची नोंद अशा ठराविक विषयांवर वर्षानुवर्षे फिरत राहतात; परीक्षा झाली की ते धूळ खात पडतात. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांच्या गटाने शेजारच्या एखाद्या पतसंस्थेचा वा शाळेचा सर्व्हर घ्यावा, त्यावर काय बसलेले आहे याची यादी करावी, ते सारे कोऱ्या यंत्रावर एका फाइलीतून उभे करून दाखवावे आणि ती फाइल संस्थेच्या स्वाधीन करावी. परीक्षकाने तोंडी प्रश्न विचारण्यापेक्षा समोर कोरे यंत्र ठेवावे आणि घड्याळ लावावे.

संस्थांनी आपल्या बाजूने एक कलम करारात घालावे. सेवा देणाऱ्याने सर्व्हर चालू करून दिला म्हणजे काम संपले असे न मानता, तो पुन्हा उभा करण्याची फाइल संस्थेच्या दप्तरी जमा केल्यावरच अखेरचा हप्ता द्यावा. आणि वर्षातून एकदा, मार्चअखेरची धांदल ओसरल्यावर, त्या फाइलीतून दुसऱ्या यंत्रावर सर्व काही उभे राहते का, हे लेखापरीक्षणाइतक्याच गांभीर्याने पाहावे. लेखापरीक्षक तिजोरीतली रोकड मोजतो. सर्व्हरच्या खोलीचे दार ढकलून त्याने फक्त एवढे विचारावे, की येथे कोणती भाषा आहे, कितवी आवृत्ती आहे, तिची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहे, आणि हे कोठे लिहिले आहे.